नाशिकमध्ये राहून कीटकांच्या उडीवर पीएच.डी. करताना

उडी मारणाऱ्या कीटकांच्या जैवयांत्रिकीवर संशोधन करू इच्छिणारे विद्यार्थी भेटायला येतात, तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा असतो. सेकंदाला किती फ्रेमचा घ्यावा, तो कितीला पडेल, आणि परवडत नसेल तर विषयच सोडून द्यावा काय. प्रश्न चुकीचा नाही, पण त्याची पाळी चौथी आहे. कीटक कोणता, त्याच्याबद्दल नेमका प्रश्न कोणता आणि कागदावर मांडलेला ऊर्जेचा हिशेब काय सांगतो, ही तीन उत्तरे त्याआधी हातात हवीत. ती नसताना घेतलेला कॅमेरा देखण्या चित्रफिती देतो, आणि नुसत्या देखण्या चित्रफितींवर प्रबंध उभा राहत नाही. पुढील मजकूर याच क्रमाने लिहिला आहे. तो प्राणिशास्त्रात किंवा भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून नाशिक जिल्ह्यातच काम करू पाहणाऱ्यांसाठी आहे. यंत्र अभियांत्रिकीतून येणाऱ्यांनाही तो उपयोगी पडेल, मात्र त्यांनी कीटकाच्या निवडीचा भाग घाईने वाचू नये.

कीटक आधी

या विषयाला आपला जिल्हा सोयीचा आहे. निफाड आणि दिंडोरीच्या द्राक्षबागा, इगतपुरी आणि त्र्यंबकेश्वरकडची भातखाचरे, पेठ-सुरगाण्याकडची आंब्याची झाडे आणि अंजनेरीच्या पायथ्याचे गवताळ उतार हे सगळे दिवसभरात जाऊन येण्याच्या अंतरावर आहे. तुडतुडे, नाकतोडे, रातकिडे आणि उड्या मारणारे भुंगेरे येथे मुबलक मिळतात. अडचण कीटक मिळण्याची नसून तो ओळखण्याची आहे.

द्राक्षपट्ट्यातील ‘उडद्या’चेच उदाहरण घ्या. गोडी छाटणीनंतर वेलीचे डोळे फुगू लागले की हा छोटा भुंगेरा ते कोरून खातो. इंग्रजीतही त्याला पिसूच्या नावाने ओळखतात, त्यामुळे माझ्या एका विद्यार्थ्याने आपल्या आराखड्याला ‘द्राक्षावरील पिसू-भुंगेऱ्याच्या उडीची यांत्रिकी’ असे शीर्षक देऊन टाकले होते. दिंडोरीकडच्या एका बागेत आम्ही सकाळी सातच्या सुमारास ओलांड्यांखाली, म्हणजे वेलीच्या आडव्या फांद्यांखाली, पांढरे कापड धरून वेल हलवत होतो. बागाईतदार काका थोडा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “सर, हा उडी कुठं मारतो? धक्का लागला की मेल्यागत खाली पडतो. म्हणून तर आम्ही सकाळी झाडून घेतो.” विद्यार्थी म्हणाला, “पण काका, नावच उडद्या आहे ना?” त्यावर काकांचे उत्तर होते, “नाव काय, कुणीही ठेवतंय.” त्या दिवशी कापडावर पडलेल्या भुंगेऱ्यांपैकी एकानेही उडी मारली नाही.

काकांचे निरीक्षण वर्गीकरणाशी जुळणारे आहे. हा भुंगेरा, शास्त्रीय नावाने स्केलोडोंटा स्ट्रायजिकॉलिस, युमॉल्पिनी या उपकुळात मोडतो. खरे पिसू-भुंगेरे अल्टिसिनी गटातले असतात आणि त्यांच्या मागच्या पायाच्या फुगीर मांडीत गुंडाळी केलेल्या स्प्रिंगसारखा एक कठीण अवयव असतो. समरेंद्र मौलिक या भारतीय कीटकशास्त्रज्ञाने १९२९ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून तो आजही ‘मौलिकचा अवयव’ या नावाने ओळखला जातो. (उडद्या हे नाव उड्यांवरून पडले की उडदाच्या दाण्यावरून, हा वाद भाषेच्या अभ्यासकांनी सोडवावा.) तात्पर्य एवढेच की नावावरून उडी गृहीत धरू नये. नोंदणीपूर्वीच आठवडाभर शेतात बसून कीटक खरोखर उडी मारतो काय, किती वेळा, कशाने बिचकून आणि पंख न उघडता काय, हे वहीत टिपावे. पंख फडफडवत घेतलेली झेप आणि केवळ पायांच्या जोरावर घेतलेली उडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कीटक निवडताना मी पुढील गोष्टी पाहतो. त्याची प्रजाती खात्रीने ओळखता आली पाहिजे. काही नमुने सुकवून, टाचणीला लावून, संदर्भासाठी पुण्यातील भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या पश्चिम विभागीय केंद्रासारख्या ठिकाणी ठेवता आले पाहिजेत. तो प्रयोगशाळेत, कुंडीतल्या रोपावर, किमान आठवडाभर जगला पाहिजे. आणि तो मऊ ब्रशच्या हलक्या स्पर्शाने उडी मारायला तयार झाला पाहिजे. ज्यांना यंत्रसामग्रीची खात्री नाही त्यांनी नाकतोड्यापासून सुरुवात करावी, कारण तो मोठा आहे, त्याची उडी तुलनेने संथ आहे आणि त्याच्या जवळच्या नात्यातल्या वाळवंटी टोळावर अर्ध्या शतकाचे काम उपलब्ध आहे. तुडतुडे आकाराने लहान आणि वेगाने अवघड आहेत, पण नवे सापडण्याची शक्यता त्यांच्याकडे अधिक आहे.

हंगामाचे गणित येथेच करावे. आंब्यावरील तुडतुडे मोहोराच्या दिवसांत, भातावरील तुडतुडे पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि नाकतोडे गवत वाढल्यावर भरपूर मिळतात. म्हणजे एका कीटकासाठी तीन वर्षांत तुम्हाला जेमतेम तीन हंगाम मिळतात, आणि त्यातला पहिला शिकण्यातच जातो.

शेतातून कीटक आणताना शेवटची फवारणी कधी आणि कशाची झाली, हे बागाईतदाराला विचारून टिपावे. औषधाने गळाठलेल्या तुडतुड्याची उडी मोजून मिळालेला आकडा त्या औषधाबद्दल असतो, कीटकाबद्दल नव्हे. लहान कीटक ओढून घ्यायची नळी फवारलेल्या बागेत तोंडाने ओढू नये. तिला रबरी फुगा लावावा. नांदूर मध्यमेश्वरसारख्या अभयारण्यात वन विभागाची लेखी परवानगी असल्याशिवाय एकही कीटक उचलू नये, आणि नमुने परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचा विचार असेल तर जैवविविधता कायदा, २००२ मधील तरतुदी आधी पाहाव्यात.

प्रश्न कसा ओळखावा

‘अमुक कीटकाच्या उडीचा अभ्यास’ हे शीर्षक झाले, प्रश्न नव्हे. प्रश्नाची खूण अशी की त्याची किमान दोन परस्परविरोधी उत्तरे संभवतात, आणि त्यांपैकी प्रत्येक उत्तर खरे असते तर कॅमेऱ्यात काय वेगळे दिसले असते, हे प्रयोगाआधीच सांगता येते.

याचा उत्तम नमुना पिसवेच्या उडीचा आहे. हेन्री बेनेट-क्लार्क आणि लूसी यांनी १९६७ मध्ये असे मांडले की पिसवेचे स्नायू एवढ्या थोड्या वेळात एवढी ऊर्जा देऊ शकत नाहीत, त्यामुळे ती रेझिलिन या रबरासारख्या प्रथिनाच्या गादीत आधी साठवली जात असली पाहिजे. साठवणीवर पुढे एकमत झाले. पण साठवलेली ऊर्जा जमिनीपर्यंत पोहोचते कशी, यावर दोन मते होती. मिरियम रॉथ्सचाइल्ड यांच्या मते पिसू पायाच्या वरच्या भागाने, म्हणजे ट्रोकँटरने, जमीन रेटते; बेनेट-क्लार्क यांच्या मते ती टिबिया आणि टार्ससने, म्हणजे नडगी आणि पावलाने रेटते. हा वाद चार दशके तसाच राहिला. २०११ मध्ये ग्रेगरी सटन आणि माल्कम बरोज यांनी अतिवेगवान चित्रण केले, तेव्हा काही उड्यांत ट्रोकँटर जमिनीला टेकलेलाच नव्हता आणि तरीही उडीचा वेग तसाच होता. वाद नडगी-पावलाच्या बाजूने मिटला. येथे कॅमेऱ्याने काम केले, हे खरे. पण त्याने कोठे पाहायचे हे प्रश्नाने सांगितले होते.

याच दोघांचे २०१३ चे काम इसस नावाच्या कीटकाच्या पिल्लांवर आहे. या पिल्लांच्या मागच्या दोन पायांच्या ट्रोकँटरवर खरेखुरे दाते असून ते गिअरसारखे एकमेकांत अडकतात, त्यामुळे दोन्ही पाय सेकंदाच्या फार तर तीसेक दशलक्षांश भागांच्या फरकाने एकत्र सुटतात. शेवटची कात टाकल्यावर, म्हणजे प्रौढ अवस्थेत, हे दाते नाहीसे होतात. येथे पायांची मांडणी लक्षात घ्यावी. नाकतोड्याचे मागचे पाय शरीराच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे एक पाय जरा उशिरा सुटला तरी फारसे बिघडत नाही. इसस किंवा तुडतुड्यांचे पाय पोटाखाली असतात. तेथे एक पाय मागे राहिला की कीटक भिंगरीसारखा फिरतो.

नाशिक परिसरात विचारता येतील असे प्रश्न यातूनच सुचतात. भातावरील तपकिरी तुडतुड्याचे प्रौढ आखूड पंखांचे आणि लांब पंखांचे अशा दोन रूपांत आढळतात. ज्याला उडून जाता येत नाही तो अधिक चांगली उडी मारतो काय, की त्याचे वजन आड येते? पिल्लू आणि प्रौढ यांच्या दोन पायांच्या सुटण्यातील वेळेचा फरक वेगळा आहे काय? आंब्याच्या कोवळ्या गुळगुळीत पालवीवरून उडताना तुडतुड्याचा पाय घसरत कसा नाही? या शेवटच्या प्रश्नावर इतर प्रजातींत काम झालेले आहे. काही तुडतुडे पावलावरील मऊ गाद्यांनी पकड घेतात, तर फ्रॉगहॉपर, ज्याची पिल्ले झाडावर थुंकीसारख्या फेसात राहतात, पायावरचे टोकदार काटे पानात रुतवून उडतो, असे २०१९ मध्ये दाखवले गेले. त्यामुळे काचेच्या फरशीवर तुडतुड्याची उडी मोजणाऱ्याने आपण उडी मोजतो आहोत की घसरणे, हे स्वतःला विचारावे. मी तरी फरशीवर ताजे पान ताणून लावल्याशिवाय मोजमाप सुरू करू देत नाही.

कागदावरचा हिशेब

यंत्रसामग्रीचा एक रुपयाही खर्च करण्याआधी करायचा हा हिशेब आहे, आणि तो ज्याला जमत नाही त्याने या विषयात नोंदणी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

फ्रॉगहॉपरचे आकडे घेऊ. त्याचे वजन सुमारे १२ मिलिग्रॅम, जमीन सोडतानाचा वेग २.८ मीटर प्रति सेकंद आणि पाय सरळ होण्याचा काळ सुमारे १ मिलिसेकंद. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. ती येते सुमारे ४७ मायक्रोज्यूल. ही ऊर्जा एक मिलिसेकंदात दिली तर सरासरी शक्ती ४७ मिलिवॅट होते. आता उडीचे स्नायू शरीराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतके, म्हणजे १.२ मिलिग्रॅम धरले, तर स्नायूच्या दर किलोग्रॅममागे सुमारे ३९,००० वॅट लागतील. स्नायू थेट देऊ शकणारी शक्ती किलोग्रॅममागे फार तर काहीशे वॅट असते. दोहोंत शंभरपटीहून अधिक तफावत आहे.

ही तफावत म्हणजेच तुमच्या प्रबंधाचा पाया. स्नायूने हळूहळू ऊर्जा भरायची, कुठल्यातरी लवचीक भागात ती दाबून ठेवायची, खिट्टी लावून अडवायची आणि मग एकदम सोडायची, हे धनुष्याचे तंत्र या कीटकांनी वापरले असले पाहिजे, असा निष्कर्ष येथेच, कीटकाला हात न लावता निघतो. उलट तुमच्या कीटकाचा हिशेब किलोग्रॅममागे दोनशे वॅटच्या आसपास आला, तर स्प्रिंगची कथा रचण्याचे कारण उरत नाही. स्नायू थेट काम करत असू शकतो, आणि तेही सांगण्याजोगे उत्तर आहे.

त्याच आकड्यांतून पडताळाही घ्यावा. शून्यापासून २.८ मीटर प्रति सेकंद वेग एक मिलिसेकंदात गाठायचा तर सरासरी त्वरण २,८०० मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्वाच्या सुमारे २८५ पट येते आणि तेवढ्या वेळात शरीर १.४ मिलिमीटर पुढे सरकते. कीटकाचे पाय पूर्ण सरळ होऊन शरीराला जेवढे ढकलू शकतात, त्याच्याशी हा आकडा जुळायला हवा. तो पायाच्या लांबीच्या दुप्पट-तिप्पट आला तर वेग, वेळ किंवा मोजपट्टी यांपैकी काहीतरी चुकले आहे.

आता कॅमेरा

फ्रेमचा वेग हिशेबातून ठरतो. मोठ्या नाकतोड्याचे पाय सरळ व्हायला साधारण २५ ते ३० मिलिसेकंद लागतात. सेकंदाला २४० फ्रेम घेणाऱ्या मोबाइलमध्ये त्या काळात सहा-सात फ्रेम मिळतात. वर्तन पाहण्यासाठी आणि आराखड्यासोबत जोडायच्या प्राथमिक निरीक्षणांसाठी एवढे पुरते. त्वरण काढायचे असेल तर नाकतोड्यालाही सेकंदाला १,००० फ्रेम हव्यात. फ्रॉगहॉपरसारख्या कीटकाला ५,००० फ्रेमनीही उडीच्या काळात फक्त पाच फ्रेम मिळतात. कॅमेरा विकत घेण्याऐवजी एखाद्या संशोधन संस्थेत किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयात महिनाभर वापरायला मिळतो काय, हे आधी पाहावे. ज्वलन आणि फवाऱ्यांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांत असे कॅमेरे अनेकदा असतात. कीटक घेऊन आलेला विद्यार्थी त्यांना थोडा विचित्र वाटतो, पण सहसा नकार मिळत नाही.

फ्रेमच्या वेगाइतकाच शटरचा काळ महत्त्वाचा. २.८ मीटर प्रति सेकंद वेगाचा कीटक सेकंदाच्या पाच हजाराव्या भागात अर्ध्या मिलिमीटरहून अधिक सरकतो, आणि सहा मिलिमीटरच्या कीटकाचा सांधा त्यात पार पुसला जातो. शटर पन्नास हजाराव्या भागावर आणले की प्रकाश दहापट लागतो. हॅलोजन दिवे तेवढा प्रकाश देतात, पण कीटक भाजून काढतात. एलईडी वापरावेत, आणि ते बॅटरीवर किंवा चांगल्या डीसी पुरवठ्यावर चालवावेत. थेट ५० हर्ट्‌झच्या विजेवरचा साधा दिवा सेकंदाला शंभरदा मंद-तेज होतो आणि ५,००० फ्रेमच्या चित्रणात दर पन्नास फ्रेमला ती लाट दिसते.

कीटक केव्हा उडेल हे सांगता येत नाही, म्हणून कॅमेरा ‘एंड ट्रिगर’वर ठेवावा. तो सतत चित्रण करून जुने पुसत राहतो आणि उडी झाल्यावर बटण दाबले की आधीचे काही क्षण जपतो. उडी कॅमेऱ्याच्या प्रतलातच होईल असेही नाही. कीटक ३० अंश तिरपा गेला तर आडव्या वेगाचा सुमारे १३ टक्के भाग चित्रात दिसतच नाही. दुसरा कॅमेरा नसेल तर पेटीवर ४५ अंशांत आरसा बसवून वरचे दृश्य त्याच फ्रेममध्ये घ्यावे.

माझा स्वतःचा एक हंगाम मोजपट्टीने खाल्ला, तो प्रसंग येथे सविस्तर सांगतो. पेटी साधी होती, ॲक्रिलिकची. मोजमापासाठी मी मागच्या भिंतीवर आलेख कागद चिकटवला होता आणि त्यावरच्या मिलिमीटरच्या रेषा पिक्सेलमध्ये मोजून पट्टी ठरवली होती. कीटक मात्र त्या भिंतीच्या चार सेंटिमीटर पुढे, पेटीच्या मध्यावर उडत होता. भिंगापासून कीटक २० सेंटिमीटरवर होता आणि कागद २४ सेंटिमीटरवर. लांबची वस्तू लहान दिसते, म्हणून माझ्या पट्टीत एक पिक्सेल म्हणजे खऱ्यापेक्षा २० टक्के मोठे अंतर ठरले. सगळे वेग २० टक्के फुगले. ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे ती ४४ टक्क्यांनी फुगली. मला वाटले की माझ्या तुडतुड्यांनी विक्रम केला आहे, आणि काही आठवडे मी तो विक्रम मोठ्या आनंदाने लोकांना सांगतही होतो. वर सांगितलेला अंतराचा पडताळा घेतला तेव्हा शरीर पायाच्या लांबीहून अधिक सरकल्याचे दिसू लागले आणि चूक हाती आली. तेव्हापासून काचेच्या पट्टीवर कोरलेली जाळी कीटक बसतो त्याच जागी, त्याच प्रतलात उभी करून तिचे चित्र घेतल्याशिवाय दिवसाचे काम सुरू होत नाही.

वजन, तापमान आणि मोजणी

ऊर्जेच्या सूत्रात वस्तुमान असल्यामुळे प्रत्येक कीटकाचे वजन उडीच्या दिवशीच घ्यावे. दोन मिलिग्रॅमच्या तुडतुड्यासाठी ०.१ मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा तराजू पाच टक्के चूक देतो. याहून बारीक तराजू शोधावा. (सराफ बाजारातला काटा चालेल काय, असे एकदा मला विचारण्यात आले. सोन्यासाठी चालतो.) दहा कीटक एकत्र तोलून दहाने भागणे हा नाइलाजाचा मार्ग आहे आणि तो पत्करला तर प्रबंधात तसे लिहावे.

तापमानाची नोंद प्रत्येक उडीसोबत करावी. निफाडकडे जानेवारीच्या पहाटे पारा एक अंकी होतो आणि एप्रिलच्या दुपारी बिनपंख्याच्या खोलीत उभे राहवत नाही. थंडीत स्नायू संथ होतो; स्प्रिंग भरायला वेळ अधिक लागतो. दोन हंगामांतील उड्या एकत्र करून सरासरी काढली तर त्या सरासरीला अर्थ राहत नाही. शक्य असल्यास खोली २५ अंशांच्या आसपास स्थिर ठेवावी, आणि शक्य नसल्यास एकाच दोन तासांच्या वेळेत काम करावे.

संख्याशास्त्रात या विषयातली नेहमीची चूक अशी की पाच कीटकांच्या प्रत्येकी आठ उड्या घेऊन नमुना चाळीसचा मानला जातो. तो पाचचाच आहे. एकाच कीटकाच्या आठ उड्या एकमेकींच्या बहिणी असतात. वैयक्तिक फरक वेगळा काढणारी मिश्र प्रतिमाने वापरावीत आणि उड्या वाढवण्यापेक्षा कीटक वाढवावेत. ब्रशने डिवचूनही जो उडाला नाही त्याचीही नोंद ठेवावी.

बिंदू टिपताना

चित्रफितीतील बिंदू टिपण्यासाठी ट्रॅकर हे मोफत सॉफ्टवेअर सुरुवातीला पुरते. शेकडो फिती झाल्या की डीपलॅबकटसारखी शिकवता येणारी प्रणाली वेळ वाचवते. परंतु तिने दिलेले बिंदू डोळ्यांनी तपासल्याशिवाय वापरू नयेत, कारण हलणारी सावली तिला पाय वाटू शकते.

धोका पुढे आहे. समजा, एक पिक्सेल म्हणजे ०.०२ मिलिमीटर आणि दोन फ्रेममधील अंतर ०.२ मिलिसेकंद आहे. आजूबाजूच्या दोन फ्रेमवरून वेग काढताना त्यातील एका फ्रेमचा बिंदू एक पिक्सेल चुकला, तर वेगात ०.०५ मीटर प्रति सेकंदाची चूक येते. ती सोसण्याजोगी आहे. पण त्वरणासाठी लागोपाठच्या तीन फ्रेम घेतल्या आणि मधला बिंदू एक पिक्सेल सरकला, तर चूक १,००० मीटर प्रति सेकंद वर्ग इतकी होते. ज्या उडीचे सरासरी त्वरणच २,८०० आहे, तिच्यात ही चूक काय करील, हे सांगायला नको. म्हणून कमाल त्वरणाचे मोठाले आकडे छापण्याचा मोह आवरावा, बिंदूंवरून गुळगुळीत वक्र काढावा, आणि एकच फीत आठवड्याच्या अंतराने दोनदा, शक्य तर दोन व्यक्तींकडून टिपून घेऊन फरक किती येतो हे प्रबंधात द्यावे.

स्प्रिंग आणि खिट्टी शोधणे

हिशेबाने स्प्रिंग असल्याचे सांगितले, पण ती कोठे आहे हे शरीर उघडूनच कळते. टोळाच्या गुडघ्यात ही यंत्रणा नीट पाहता येते आणि शिकण्यासाठी तीच घ्यावी. त्याच्या मांडीत पाय सरळ करणारा स्नायू थोराड आणि पाय दुमडणारा स्नायू किरकोळ असतो. उडीपूर्वी पाय पूर्ण दुमडलेला असताना दोन्ही स्नायू एकाच वेळी आवळले जातात, आणि दुमडणाऱ्या स्नायूचा दोर सांध्यातल्या एका उंचवट्यावर अडकून राहतो, त्यामुळे दुबळा स्नायू बलवानाला अडवून धरतो. तेवढ्या वेळात थोराड स्नायूची ऊर्जा गुडघ्याजवळच्या चंद्रकोरीसारख्या कठीण भागात आणि स्वतःच्या दोरात साठते. मग दुमडणारा स्नायू सैल पडतो. पुढचे आपण पाहतोच.

फ्रॉगहॉपरमध्ये हेच काम छातीतली धनुष्याच्या आकाराची कमान करते, जिच्यात कठीण कायटिनयुक्त कवच आणि मऊ रेझिलिन एकत्र असतात. रेझिलिन अतिनील प्रकाशात निळे चमकते, त्यामुळे प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा माग काढता येतो. निळे दिसले म्हणजे रेझिलिनच, असे मात्र नव्हे; आम्ल-अल्कतेनुसार ही चमक बदलते काय, हेही पाहावे लागते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी पुण्याला जावे लागेल, असे धरून चालावे आणि नमुने अल्कोहोलमध्ये आधीच तयार ठेवावेत. हा भाग सावकाश करण्याचा आहे. शंभर उड्यांच्या चित्रणापेक्षा नीट उघडलेल्या दहा मांड्या मला जास्त काही सांगून गेल्या आहेत.

नोंदणी आणि पुढचे

प्रशासकीय बाजू थोडक्यात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षे, किमान १२ श्रेयांकांचे कोर्सवर्क आणि दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगतीचे सादरीकरण अपेक्षित आहे. अधिछात्रवृत्तीसाठी नेट-जेआरएफ, आणि आपापल्या प्रवर्गानुसार बार्टी, सारथी किंवा महाज्योती यांच्या जाहिराती वेळोवेळी पाहाव्यात. मार्गदर्शक प्राणिशास्त्राचे असतील तर सहमार्गदर्शक भौतिकशास्त्राचे किंवा यंत्र अभियांत्रिकीचे मागून घ्यावेत, आणि समितीपुढे पहिल्याच सादरीकरणात वरचा कागदी हिशेब ठेवावा. ‘याचा शेतकऱ्याला काय उपयोग’ हा प्रश्न हमखास येतो. तुडतुडा कोणत्या पृष्ठभागावरून किती लांब उडतो, हे फवारणी आणि सापळ्यांची उंची ठरवताना विचारात घेण्याजोगे आहे, एवढे प्रामाणिक उत्तर पुरे. त्याहून अधिक वचने देऊ नयेत.

साठवणीचा विचार पहिल्या दिवसापासून हवा. एक मेगापिक्सेलचे ५,००० फ्रेमचे चित्रण सेकंदाला सुमारे ५ गिगाबाइट जागा खाते. उडीच्या आगेमागेचे ५० मिलिसेकंद ठेवून बाकीचे कापले तर तेच पाव गिगाबाइटवर येते. मूळ फिती दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या इमारतींत ठेवाव्यात. फायलीच्या नावात तारीख, कीटकाचा क्रमांक, उडीचा क्रमांक आणि तापमान असावे. आणि प्रत्येक दिवसाच्या फोल्डरमधली पहिली फाईल कीटकाची नव्हे, तर त्याच्या जागी उभ्या केलेल्या जाळीच्या पट्टीची असावी, कारण तोंडी परीक्षेत जाणकार परीक्षक सर्वांत आधी तीच उघडायला सांगतो.